विमानाचे तिकीट आणि पायातली बेडी



वसई स्टेशनवरून पूर्वेला गेलात की वालीव, सातिवली, गोखिवरे ही कारखान्यांची वस्ती लागते. लहान लहान गाळे, प्रत्येकात चार यंत्रे आणि दहा-वीस कामगार. अशा लहान कारखानदाराला परदेशात गिऱ्हाईक शोधायचे असेल तर सरकार हात देते. त्याला व्यापारी शिष्टमंडळात घेते, परदेशी प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे आणि विमानाच्या तिकिटाचा काही भाग परत करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहनाचे मोठे मिशनच मंजूर केले. २०३०-३१ पर्यंतचा खर्च २५,०६० कोटी रुपये!

आमच्या पोटात दुखत नाही. लहान कारखानदार हा आपलाच भाऊबंद आहे. त्यातले कित्येक शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. त्याचा माल जगात जावा. आमचा प्रश्न वेगळा आहे. जे सरकार त्याच्या हातात तिकीट देते, तेच सरकार कापूसवाल्याच्या पायात बेडी का घालते?

याच वसई-विरारमध्ये नालासोपारा आहे. ते जुने शूर्पारक बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचे नाव येते. त्याच ग्रंथात नोंद आहे, की आपल्या तेरहून सुती कापडाच्या गाड्या वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जात. त्या गाडीवानांना कोणी शिष्टमंडळात नेले नव्हते. बाजार खुला होता, एवढे पुरेसे होते. पण तिथेच पुढे कल्याण बंदराचीही हकीकत आहे. राज्यकर्ता बदलला, व्यापार अडवला गेला, आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे व्यापाराची वाट अडवणे हा शोध दिल्लीचा नाही. सत्तेची ती जुनी खोड आहे.

आपला अनुभव काय? १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली. आपलाच कापूस राज्याच्या वेशीबाहेर विकायला नेला तर आपण चोर ठरलो! परदेशाची गोष्ट तर दूरच. कापसाची निर्यात २००१ पर्यंत कोट्यांनी बांधलेली होती. ती खुली झाली आणि दहा वर्षांत दोनदा दार आपटले. एप्रिल २०१० मध्ये निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ ला सरसकट बंदी घातली. ओरड झाली, खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी विरोध केला, आठवड्याभरात बंदी मागे घेतली. पण परदेशी गिऱ्हाईक एकदा फसले की दुसऱ्या देशाचे दार ठोठावते. शंभर शिष्टमंडळांनी जोडलेला विश्वास एका रात्रीच्या अधिसूचनेने मोडतो. कांदेवाल्यांना विचारा. सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३, दोन्ही वेळा त्यांनी हेच भोगले.

आता २०२५ चे पाहा. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापडाचे निर्यातदार अडचणीत आले, हे खरे. त्यांना दिलासा म्हणून सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. पहिल्या वेच्यापासून घर भरेपर्यंतचा काळ नेमका तोच! कारखानदार आडात पडला, म्हणून त्याला काढायला दोर कापला तो आमच्या बैलांचा.

साहेब म्हणतात, "गिरण्या चालल्या तरच तुमच्या कापसाला भाव." कबूल. गिरण्या चालाव्यात. पण गिरणीला मदत द्यायची तर ती सरकारी तिजोरीतून द्या. ती अंदाजपत्रकात दिसते, तिचा हिशेब मागता येतो. शेतकऱ्याचा भाव पाडून दिलेली मदत कुठल्याच वहीत दिसत नाही. ती दिसते सावकाराच्या वहीत.

आणि कोणी आम्हाला खुल्या व्यापाराचे शत्रू म्हणू नये. डंकेल प्रस्तावावरून देशभर काहूर उठले असताना शरद जोशींनी त्याचे उघड समर्थन केले होते. आम्ही आयातीला भीत नाही. भीती आहे ती दोन तोंडांच्या धोरणाची. भाव चढला की निर्यात बंद, भाव पडला तरी आयात खुली. याला व्यापार म्हणत नाहीत, याला लूट म्हणतात.

ज्वारीची कथा याहून मजेशीर. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, तेही भारताच्या प्रस्तावावरून. ज्वारीला 'श्रीअन्न' असे गोड नाव मिळाले, परदेशी प्रदर्शनांत तिची बिस्किटे मांडली गेली. आणि गावात? रेशनवर गहू-तांदूळ वर्षानुवर्षे स्वस्त, मग फुकट. ज्वारीला घरचे गिऱ्हाईक उरू दिले नाही आणि बाहेर तिची मिरवणूक काढली. ज्वारी आज कित्येक घरांत कडब्यासाठी पेरली जाते.

आता थोडे कडू, आपल्यासाठी. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. आपला कापूस हाताने वेचलेला, म्हणजे खरे तर जगात सरस ठरावा. पण खताच्या गोण्यांचे धागे, सुतळी, केस, ओलावा यांमुळे तो बदनाम आहे आणि भावात मार खातो. सुती कापडाच्या झोळीत वेचा, कवडी वेगळी ठेवा, दव सुकल्यावर वेचणी करा. द्राक्षवाल्यांकडे बघा. १९९१ मध्ये त्यांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स'च्या छत्राखाली एकत्र आल्या. २०१० मध्ये औषधाच्या अंशावरून युरोपने माल अडवला, मोठा फटका बसला. पण ते खचले नाहीत, तपासणी कडक केली आणि पुन्हा उभे राहिले. सरकारला शिव्या देण्याचा अधिकार आहेच. पण घाण कापूस पुढे करून तो वापरता येत नाही.

म्हणून या बैठकीत तीन ठराव मांडायचे आहेत. एक: पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत कापसाच्या आयात-निर्यातीच्या नियमात बदल नको, बदल करायचा तर पेरणीआधी जाहीर करा. दोन: २५,०६० कोटींच्या मिशनमध्ये शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनाही कारखानदाराइतकीच जागा द्या, आणि सरकीसकट कापूस नव्हे तर गाठी विकायला त्यांना मदत करा. तीन: तालुक्याच्या बाजारात धाग्याची लांबी, ताकद आणि ओलावा मोजण्याची सोय करा, म्हणजे व्यापाऱ्याच्या मुठीऐवजी यंत्र बोलेल.

तिकीट मिळाले तर घेऊ. नाही मिळाले तर गाडी जुंपू. तेरच्या गाडीवानांना वाट ठाऊक होती, आपल्यालाही सापडेल. पण आधी पायातली बेडी निघाली पाहिजे. ती कोणी काढून देणार नाही, ती आपणच तोडायची आहे.