फुकटच्या सुरीला जाब कोण विचारणार?

दवाखान्यात पैसे मोजले नाहीत, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. ग्राहक नाही, म्हणजे तुमची तक्रार घेणार नाही. तक्रार नाही, म्हणजे चूक झालीच नाही. भावांनो, बहिणींनो, ही आमची थट्टा नव्हे. या देशाचा कायदा असाच चालतो.

नीट सांगतो. 1995 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्याचा निकाल दिला. डॉक्टरमंडळी म्हणत होती, आम्ही काय दुकानदार आहोत? कोर्ट म्हणालं, पैसे घेता ना, मग ग्राहक कायद्यात या. बरं झालं. पण त्याच निकालात पुढं लिहिलंय की ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार, तो दवाखाना या कायद्याच्या बाहेर. केसपेपरचे चार पैसे भरले असले तरी बाहेरच. जिथं काहीजण पैसे भरतात आणि काहीजण भरत नाहीत, तिथं मात्र फुकटवालाही आत. म्हणजे शेजारच्या खाटेवर पैसेवाला झोपला असेल तरच तुमचं पोट माणसाचं पोट! 2019 साली नवा ग्राहक कायदा आला. त्यानंही मोफत सेवा बाहेरच ठेवली. गावकुसाबाहेर राहायची आम्हाला सवय आहे, असं त्यांना वाटलं असेल.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. मोफत व्हायलाच पाहिजेत, आमचा हक्कच आहे तो. पण त्याच दिवशी त्या दवाखान्यातल्या रोग्याची ग्राहक मंचाची वाट आणखी पक्की बंद झाली, हे कोणत्या मंत्र्यानं भाषणात सांगितलं?

आणि फुकट म्हणजे काय हो? चंद्रपूरचा कोळसा कोणाच्या पायाखालून निघाला? सुरजागडचं लोखंड कोणाच्या डोंगरातलं? बांबू, तेंदूपत्ता कोणाच्या जंगलातला? काडेपेटी घेतली तरी आम्ही कर भरतो. सरकारी दवाखान्याचं बिल आम्ही आधीच चुकतं केलेलं आहे. फक्त पावती आमच्या नावाची नाही.

शहाणे लोक म्हणतील, दिवाणी कोर्ट उघडं आहे ना! आहे. त्या कोर्टाची कथा ऐका.

1963 चा जुलै. औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. 10 तारखेला एक बाई बाळंत झाली. 13 तारखेला तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं. मग ताप, पोटात कळा. 19 तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल! पोटात पू झालेला. 24 तारखेला बाई मेली. नवऱ्यानं दावा लावला. खालच्या कोर्टानं 36 हजार मंजूर केले. सरकार अपिलात गेलं आणि उच्च न्यायालयात जिंकलं. तिथं काय ठरलं? दवाखाना चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम, त्यातल्या चुकीला राज्य जबाबदार नाही. पोटात टॉवेल विसरणं हेही सार्वभौम काम! अखेर 20 फेब्रुवारी 1996 ला, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ते मोडून काढलं. टॉवेल कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध करायची गरज नाही, पोटात सापडलेला टॉवेलच हयगय सांगतो, आणि नोकराच्या हयगयीला सरकार जबाबदार, असं ठरलं. तेच 36 हजार, व्याजासह.

निकाल सोन्यासारखा. पण हिशेब करा. 1963 ते 1996. बत्तीस वर्षं उलटून गेली. आणि तो नवरा सरकारी नोकरीत होता, कागद वाचणारा होता.

आता भामरागडकडची एखादी माडिया बाई घ्या. घरी माडिया बोलते, कागद मराठीत, निकाल इंग्रजीत. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की रस्ता पाण्याखाली. तारखेला जायचं तर एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. चामोर्शीची, मूलची आमची बौद्ध बाई घ्या, तिचीही तीच गत. “कायचा दावा, बापा! धानाची रोवणी कोण करन?” असं ती म्हणेल. आणि सरकार तिच्या गप्प बसण्याला समाधान समजेल.

पोलिसांत जा म्हणाल, तर 2005 सालचा जेकब मॅथ्यू खटल्याचा निकाल आडवा. डॉक्टरवर फौजदारी चालवायची तर साधी चूक पुरत नाही, घोर हयगय पाहिजे. शिवाय पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, शक्यतो सरकारी नोकरीतल्या. सरकारी दवाखान्यातली चूक सरकारी डॉक्टरनंच तपासायची! पंच त्यांचाच, पंचनामा त्यांचाच.

आमचं भांडण ऑपरेशनशी नाही. संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांनी 1938 सालीच मुंबई विधिमंडळात मांडायला लावला होता, तेव्हा बाकीचे तोंड वाकडं करत होते. आडरानात दोन माणसांचं काम एकटा ओढणाऱ्या डॉक्टरशीही आमचं भांडण नाही. भांडण आहे ते बाईला ‘केस’ म्हणून मोजणाऱ्या व्यवस्थेशी. गडचिरोलीला लागून छत्तीसगड आहे. तिथं बिलासपूर जिल्ह्यात 8 नोव्हेंबर 2014 ला एका शिबिरात एका सर्जननं काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर 13 बायका मेल्या. त्याच सर्जनचा त्याच वर्षी 50 हजार ऑपरेशनांबद्दल सरकारनं सत्कार केला होता. सत्कार आकड्याचा होता. मेल्या त्या बायका. 2016 साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा.

भरपाई मिळाली तरी ती कशावर ठरते? मेलेल्याच्या कमाईवर. कोलकात्याच्या एका खटल्यात, बाई अमेरिकेत राहणारी, नवरा डॉक्टर, तिथं 2013 साली जवळपास सहा कोटी मंजूर झाले. मिळाले ते योग्यच. पण आयुष्यभर कमी मजुरी दिलेल्या बाईचं मरणही मग स्वस्तच धरणार ना? मजुरीतली लूट मेल्यावरही चालूच.

म्हणून आमचं मागणं साफ आहे. ग्राहक कायद्यातून ‘मोफत’ची पाचर काढा. सरकारी दवाखान्यातल्या चुकीची चौकशी त्या खात्याबाहेरच्या माणसांकडून करा, आणि ती तालुक्याला येऊन, बाईच्या बोलीत करा. भरपाईला सगळ्यांसाठी एक किमान रक्कम ठरवा, कमाई न पाहता.

तोवर आपण काय करायचं? 2002 च्या नियमानुसार रोग्यानं मागितल्यावर 72 तासांत दवाखान्याचे कागद द्यावे लागतात. मागा, लेखी मागा, पोच घ्या. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती, जमाती आणि कोणतीही बाई यांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. चंद्रपूरला, गडचिरोलीला जिल्हा कोर्टात ते ऑफिस आहे. एकट्या बाईला पाठवू नका, दहाजण जा. आणि डिस्चार्जचा कागद चुलीत घालू नका. औरंगाबादला टॉवेल बोलला तो कोणीतरी पोट उघडून पाहिलं म्हणून. आपल्याकडं बोलेल तो कागदच.