जोडून आलेल्या सुट्ट्या आणि कोयत्याचा खाडा

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की नोकरदार कुटुंबात तिचे पहिले वाचन होते ते तांबड्या आकड्यांचे वार पाहण्यासाठी. कोणता सण रविवारी पडून ‘बुडाला’, कोणता सोमवारी वा शुक्रवारी येऊन शनिवार-रविवारला जोडून मिळाला, आणि कोठे एक किरकोळ रजा टाकली असता सलग चार दिवस पदरात पडतील, याचा हिशेब मोठ्या तत्परतेने मांडला जातो. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच गुरुवारी आल्याने एक सुट्टी बुडाल्याची हळहळ व्यक्त झाली. पण शुक्रवार, ३ ऑक्टोबरची एक रजा टाकणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यास चार दिवस सलग मिळत होते, ही भरपाईही लगेच ध्यानात आली. २०२६ चा प्रजासत्ताक दिन सोमवारी. त्यापुढील मंगळवार ते शुक्रवार अशी चार दिवसांची अर्जित रजा घेतली, तर मागचे आणि पुढचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांची मोकळीक होते.

या हिशेबाला कामचुकारपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अन्यायाची आहे. मर्यादित साधनांतून अधिकाधिक उपयोगिता मिळविणे यालाच अर्थशास्त्र विवेकी वर्तन म्हणते, आणि नोकरदाराजवळील रजा हे असेच एक मर्यादित साधन होय. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास वर्षाकाठी आठ किरकोळ रजा मिळतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा पाचव्या वेतन आयोगानंतर बारावरून आठवर आल्या. घरातील आजारपण, शाळेचे प्रवेश, गावाकडची लग्नकार्ये या साऱ्यांची वाटणी त्या आठ दिवसांत करावयाची असते. अर्जित रजेच्या मागेपुढे येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेण्यास नियमच अनुमती देतात. तेव्हा नियमाने दिलेली सवलत वापरणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही.

कारखान्यातील कामगारांबाबत १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हेच तत्त्व अधिक स्पष्ट शब्दांत मांडले होते. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा, आणि त्या रजेच्या मध्ये वा टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरावयाच्या नाहीत, असे त्याच्या ७९ व्या कलमात नमूद होते. मात्र त्यासाठी वर्षात २४० दिवस काम भरणे आवश्यक होते. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या पगारी सुट्ट्या दिल्या, पण त्याच्या मूळ तरतुदी दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या होत्या. तुळजापूरच्या पेठेतील किंवा उमरग्याच्या बाजारातील किती दुकानांत दहा नोकर असतात, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

म्हणजे सुट्ट्या जोडण्याचा प्रश्न ज्याला पडतो तो मुळातच रजेचा धनी असतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जेथे बहुसंख्यांचा चरितार्थ शेती आणि शेतमजुरीवर चालतो, तेथे या धन्यांची संख्या थोडी आणि त्यांच्या दारी कामे घेऊन येणाऱ्यांची मोठी. प्रश्नाची दुसरी बाजू येथून सुरू होते.

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. केंद्राच्या कार्यालयांत तो १९८५ पासूनच होता. त्या वेळी मांडलेला हिशेब असा : पूर्वी वर्षाला सरासरी २८८ दिवस, रोज सव्वासात तास, म्हणजे २,०८८ तास काम होई, आता २६४ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २,११२ तास होईल. काम चोवीस तासांनी वाढलेच, असे त्यातून सिद्ध होते. अंकगणित बिनचूक आहे. परंतु परंड्याहून वा भूमहून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी कार्यालयाचे माप तास हे नसून दिवस हे आहे. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीचे भाडे खर्च झालेले असते. सायंकाळी सव्वासहापर्यंत उघड्या राहणाऱ्या दाराचा त्याला काय उपयोग? त्याला परतीची गाडी गाठावयाची असते. त्याच्यापुरते वर्षाचे चोवीस दिवस कमी झाले. त्यात एखाद्या मधल्या शुक्रवारी फेरफाराचे काम पाहणारा आणि त्याच्या शेजारचा असे दोघेही रजेवर असले, की ‘साहेब सोमवारी भेटतील’ हे उत्तर त्याच्या वाट्यास येते, आणि दुसऱ्या खेपेचा खर्च सरकारच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

यावर सुट्ट्याच कमी करा, असा उपाय सुचविला जातो. पाचव्या आणि सहाव्या केंद्रीय वेतन आयोगांनी सार्वजनिक सुट्ट्या तीन राष्ट्रीय दिवसांपुरत्या मर्यादित ठेवाव्यात असे म्हटले होते. ते अमलात आले नाही, येणारही नाही. आपल्या समाजात सणाची सुट्टी ही त्या त्या समाजाच्या मान्यतेची खूण बनलेली आहे, आणि ती काढून घेण्याची किंमत कोणतेही सरकार मोजणार नाही. (या सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाखाली. हुंड्या-धनादेशांच्या मुदतीसाठी केलेला कायदा साऱ्या राज्याच्या विश्रांतीचा आधार व्हावा, हीदेखील एक गंमतच.) शिवाय जोडून आलेल्या सुट्टीत तुळजापूरला लोटणाऱ्या गर्दीवर फुलवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत कित्येकांची मिळकत अवलंबून असते. साधा उपाय असा की मधल्या दिवशी प्रत्येक शाखेत कोण हजर राहणार याचे पाळीपत्रक आधी तयार व्हावे आणि ते तहसील कार्यालयाच्या दाराबाहेर लावले जावे. रजा कोणाचीही नाकारू नये. एका मेजावरील दोघांना एकाच दिवशी ती देऊ नये, इतकेच.

परंतु या जिल्ह्यात विश्रांतीचा खरा प्रश्न कार्यालयात नसून उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची. गाळप चालू असता कारखान्याला रविवार नसतो, म्हणून कोयत्यालाही नसतो. संक्रांत, महाशिवरात्र आणि होळी फडातच उलटतात. आजारपणाने एखादा दिवस काम चुकले तर त्याचे नाव रजा नव्हे, ‘खाडा’. आणि खाड्याला नुसती मजुरी बुडत नाही, दंडही उचलीत चढतो. शहरातील गृहिणी दूधवाल्याचे आणि मोलकरणीचे खाडे ज्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवते, तिच्यावरच तिचे यजमान सुट्ट्या जोडीत असतात. रजा आणि खाडा यांतील अंतर एकाच चौकटीत मावते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मासिक पाळीतही खाडा पडू नये ही सक्ती त्या चर्चेत वारंवार पुढे आली. शरीराचा अवयव देऊन दिवस वाचवावा लागावा, इतकी महाग विश्रांती दुसऱ्या कोणत्या धंद्यात असेल?

साप्ताहिक सुट्टी दिली तर गाळप थांबेल, हा आक्षेप टिकणारा नाही. टोळ्या अनेक असतात. त्यांच्या सुट्टीचे वार वेगवेगळे ठरविले तर उसाची गाडी एकही दिवस अडणार नाही. खर्चाचे म्हणाल तर सहा दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी धरल्यास मजुरीचा भार सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तेव्हा त्याच्या निम्म्या रकमेची ही गोष्ट साखर धंद्यास पेलणारच नाही असे म्हणता येत नाही. अडचण निराळी आहे. मजूर मुकादमाचा, मुकादम कंत्राटाचा, आणि कारखाना मात्र मालक म्हणून सही करावयास तयार नाही. जेथे मालकच ठरत नाही तेथे रजा मागावयाची कोणाकडे? पुढील दरकराराच्या वेळी संघटनांनी टनाच्या दराबरोबर आठवड्याचा एक दिवस आणि खाड्याच्या दंडाची बंदी या दोन्ही बाबी कारखान्यांच्या सहीनिशी लिहून घ्याव्यात. मुकादमाच्या वहीत खाड्याचा रकाना तोपर्यंत राहणारच.