कापूस जिल्ह्याचा, ओढणी पॉलिस्टरची

२०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ ला ईद. यवतमाळच्या कापड दुकानांत दोन्ही घरच्या बायका शेजारी बसून साड्या आणि ड्रेस निवडत होत्या. पसंती चमकत्या जॉर्जेटला. जिल्हा कापसाचा, अंगावर पॉलिस्टर!

सणाला नटण्यात गैर काहीच नाही. पण सुती धागा हवेतला सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम कापडात न जिरता अंगावरच राहतो. पुरुष सुती कुर्ता घालून ईदगाहला जातात. रोजा ठेवून उन्हाळ्यात चुलीपाशी भजी तळणारी मात्र पॉलिस्टरमध्ये. ते पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, म्हणून शेगडीजवळ ओढणी किंवा पदर खोचलेलाच बरा.

एक झगमगता जोड जरूर घ्यावा. पण घरात वावरायला, स्वयंपाकाला, नमाजला सुती ड्रेस आणि न घसरणारी सुती ओढणीच हवी. घरच्या पुरुषांनीही खरेदीच्या यादीत ती आधी लिहावी. शेतात कापूस बायकाच वेचतात. तो त्यांच्या अंगावरही दिसू द्या.