मेंदूचा अभ्यास डॉक्टरांनीच करायचा का?





गेल्या महिन्यात शाळेची एक माजी विद्यार्थिनी आईबरोबर भेटायला आली. (दोघींच्या परवानगीने हे लिहिते आहे.) बारावीनंतर तिने दोनदा नीटची परीक्षा दिली, दोन्ही वेळा यश दूरच राहिले. मग प्राणिशास्त्र घेऊन बी.एससी. केली आणि आता तिला न्यूरोसायन्समध्ये एम.एससी. करायचे आहे. आई म्हणाल्या, "बाई, मेंदूचेच शिकायचे होते तर डॉक्टर का नाही झाली, असे लोक विचारतात. आम्ही काय सांगायचे?" मुलगी मान खाली घालून बसली होती. परीक्षेच्या गडबडीत मला धड उत्तर देता आले नाही, ते आज देते.

मेंदूच्या आजारावर उपचार करतो तो न्यूरॉलॉजिस्ट. त्याची वाट एम.बी.बी.एस., एम.डी. आणि डी.एम. अशी जाते. मेंदू काम कसा करतो हे शोधणारे लोक वेगळे, आणि ते अनेक वाटांनी येतात. स्थळाचे भान ठेवणाऱ्या मेंदूतील पेशींच्या शोधाला २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच्या मानकऱ्यांपैकी नॉर्वेचे तेव्हाचे मोझर पती-पत्नी मानसशास्त्र शिकलेले आहेत. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ साली स्मृतीचे गणित मांडले. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि २०२४ चे नोबेलही त्यांना भौतिकशास्त्राचेच मिळाले. तेव्हा डॉक्टर होता आले नाही म्हणून या विषयाकडे वळले, असे कोणी आपल्या मुलीविषयी म्हणू नये.

आता आपल्या घरातले बोलू. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी. "दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो, घरी हिंदीच बोलू का?" असे पालक मला दर वर्षी विचारतात. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. तेथे तेलुगू, दक्खिनी, हिंदी अशा भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेत न गेलेल्यांतही. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे सगळ्याच देशांतील अभ्यासांत असे आढळले नाही, त्यामुळे वाद चालू आहे. पण हा प्रश्न तपासायला हैदराबादसारखे गाव लागले, जेथे निरक्षर माणूसही दोन-तीन भाषा सहज बोलतो. लंडनमध्ये असे रुग्ण इतक्या संख्येने कोठून मिळणार?

तसेच आपल्या लिपीचे. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी लिहायचा आणि नंतर उच्चारायचा! पहिलीतल्या मुलांची त्यात कशी तारांबळ उडते, हे आमच्या बाईंना विचारा. देवनागरी वाचताना मेंदू काय करतो, यावर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या गटाने हिंदी वाचकांवर काम केले आहे. मराठी वाचणाऱ्या मुलांविषयी असे प्रश्न आपल्या मुलींनी विचारले, तर ते मला फार आवडेल.

वाट सोपी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पेशीच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमची ये-जा कशी होते, संख्याशास्त्र, संगणकाचे प्रोग्रामिंग हे सगळे करावे लागते. अनेक प्रयोगशाळांत उंदरांवर प्रयोग असतात. ज्याला ते जमणार नाही त्याने आधीच विचार करावा. आणि केवळ एम.एससी.वर चांगली नोकरी सहसा मिळत नाही, पुढे पाच-सहा वर्षे पीएच.डी. धरावीच लागते. नेट किंवा गेटसारख्या परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यात एका माणसाचे भागते. "लग्नाचे काय?" हा प्रश्नही माझ्या कानावर आला. मुलाच्या पीएच.डी.च्या वेळी तो कोणी विचारत नाही, एवढेच म्हणते.

इंग्रजीची भीती मला ठाऊक आहे. मी १९९१ साली हिंदी माध्यमातून बी.एससी. झाले. एम.एससी.च्या एका मुलाखतीत मी "तंत्रिका कोशिका" म्हणाले आणि समोरचे हसले. फळ्यावर मी तिचे चित्र काढून दाखवू शकले असते, पण तशी संधी कोणी दिली नाही. नंतर मी दुसरीकडे फॉर्मच भरला नाही. बी.एड. केल्याचे दुःख नाही, फॉर्म न भरल्याचे आहे. मराठीत चेतापेशी, हिंदीत तंत्रिका कोशिका, इंग्रजीत न्यूरॉन अशा शब्दांची तीन रकान्यांची वही मी आता करते आहे. ती कार्यालयात ठेवीन, हवी त्याने उतरवून घ्यावी.

लांब जायलाच हवे असेही नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठातच न्यूरोसायन्सचा विभाग आहे. हैदराबाद विद्यापीठात आणि अलाहाबाद विद्यापीठातही बोधविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

विश्वस्तांना एक विनंती. आपली शिष्यवृत्ती मेडिकल आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्यांनाच दिली जाते. हा नियम झाला तेव्हा तो योग्य असेल, आज त्यात एम.एससी. यायला हवी. पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. त्या मुलीच्या प्रवेशाची मुदत मात्र सभेच्या आधीच संपते आहे, म्हणून पहिल्या सत्राची फी मी आणि आपल्या विज्ञानाच्या बाई मिळून भरतो आहोत.