‘ब्रेक फेल’ म्हणून विषय संपत नाही. चाकाजवळचा रबरी पाइप कोण पाहणार?

धारूरहून तेलगावकडे किंवा मांजरसुंब्याहून बीडकडे उतरताना गाडीचा सगळा भरवसा ब्रेकवर असतो. बालाघाटाच्या रांगेमुळे बीड जिल्ह्यातल्या कितीतरी रस्त्यांना घाट चुकलेला नाही. अशा उतारावर अपघात झाला की ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत चर्चा संपते. पण ब्रेक फेल होणे हा परिणाम आहे, कारण नव्हे. कारणे अनेक असतात: झिजलेले पॅड, तापून उकळलेले ब्रेक ऑइल, गळका सिलिंडर. त्यातले सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे चाकाजवळचा हातभर रबरी पाइप.

हा पाइप करतो काय?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल दाबाखाली चाकांकडे जाते. बहुतेक वाट लोखंडी नळीची असते. मात्र चाक खड्ड्यात खाली-वर होते, पुढचे चाक वळतेही. तिथे ताठ नळी टिकणार नाही. म्हणून शेवटचा टप्पा रबरी असतो. कोणी त्याला ब्रेक होज म्हणते, कोणी नुसता ब्रेक पाइप. आत रबराचे अस्तर, त्यावर धाग्यांची वीण आणि बाहेर पुन्हा रबर, अशी त्याची रचना असते. जोरात ब्रेक मारला की आतला दाब टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट होऊ शकतो. म्हणूनच या पाइपासाठी ‘आयएस ७०७९’ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. साधा रबरी पाइप कापून तिथे बसवता येत नाही.

बिघाड दिसणारा आणि न दिसणारा

बाहेरचा बिघाड डोळ्यांना दिसतो. रबराला बारीक चिरा पडतात, फुगवटा येतो, जोडापाशी ओल दिसते, टायर किंवा मडगार्ड घासल्याची खूण उमटते. पेडल दाबल्यावर स्पंजासारखे मऊ लागते.

आतला बिघाड फसवा असतो. पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो. आतले अस्तर मात्र फुगते किंवा सुटते. पेडलच्या दाबाने ऑइल पुढे जाते, पण परत येताना अडते. मग पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो, एक चाक जास्त तापते, गाडी एका बाजूला ओढते, सरासरी घटते. अनेकदा कॅलिपर जाम झाला समजून तोच बदलला जातो आणि पाइप जुनाच राहतो.

बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक पाइप फुटला तरी दुसऱ्या वाटेवरची चाके थांबतात, हे खरे. पण पेडल खूप खाली जाते आणि ब्रेकची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर निभावेल. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन घाट उतरताना निभावेलच असे नाही.

कायद्यातली १५ वर्षांची पोकळी

मालवाहू व प्रवासी वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी करावी लागते: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. खासगी कारची नोंदणी मात्र थेट १५ वर्षांसाठी असते. नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते, तोपर्यंत गाडीखाली वाकून पाहण्याचे बंधन कोणावरच नाही. धुरासाठी पीयूसी लागते, ब्रेकसाठी काहीच नाही. म्हणजे ‘एमएच २३’ किंवा ‘एमएच ४४’ची एखादी छोटी कार तीन मालकांच्या हातून जाऊ शकते आणि तिचे पाइप पहिल्या दिवसाचेच असू शकतात.

इंग्लंडमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि तीत ब्रेकचे पाइपही पाहिले जातात. नव्या तंत्राच्या गाड्याही याला अपवाद नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने पुढचे ब्रेक पाइप फुटण्याच्या शक्यतेमुळे सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या; त्या २०१३ ते २०१८ या काळातल्या होत्या. निर्मितीत दोष असेल तर कंपनी बोलावते. वयाने थकलेल्या रबरासाठी कोणी फोन करत नाही.

आणखी एक तपासणी आणली तर आणखी एक रांग आणि आणखी एक एजंट, ही भीती रास्त आहे. म्हणून सुरुवात आरटीओपासून नव्हे, गॅरेजपासून व्हावी. सर्व्हिसिंगच्या पावतीवर ऑइल, फिल्टर, पॅड यांच्या जोडीला ‘ब्रेक पाइप: पाहिले, बदलल्याचे वर्ष’ एवढी एक ओळ वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. जुनी कार घेताना रंग, टायर आणि म्युझिक सिस्टिम पाहणाऱ्याने तीच ओळ मागितली, तर विकणाराही ती जपून ठेवेल.

किलोमीटर नव्हे, वय मोजा

‘गाडी फिरलीच कुठे?’ हा नेहमीचा युक्तिवाद इथे चालत नाही. रबर चालण्याने झिजते तसे उभे राहूनही म्हातारे होते. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अंगणात महिनोन्महिने उभी असलेली कार, मुरमाची धूळ, पावसाळ्यात चाकांच्या आत थापला जाणारा काळ्या मातीचा चिखल, यांतून रबर सुटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात पुढची ट्रॉली अचानक थांबते, तेव्हा याच रबराची परीक्षा होते.

गाडीच्या पुस्तिकेत पाइप बदलण्याची मुदत दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर पाच वर्षांनंतर दर सर्व्हिसिंगला चारही चाकांजवळ पाहणी करावी आणि दहा वर्षांपुढे चिरेची वाट न पाहता ते बदलावेत. लहान गाड्यांत पाइपांची किंमत साधारणपणे एका नव्या टायरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

बदलताना काय पाहावे?

- एका बाजूचा पाइप गेला तर त्याच्या जोडीचाही बदलावा. दोन्ही एकाच वयाचे असतात.
- गाडीच्या मॉडेलचाच, सीलबंद पाकिटातला पाइप घ्यावा. निर्मितीची तारीख छापलेली असेल तर वाचावी.
- जोडाला तांब्याचे वायसर असतील तर ते नवेच टाकावेत.
- बसवताना पाइपाला पीळ पडू देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो टायरला घासत नाही ना, हे पाहावे.
- पॅड बदलताना कॅलिपर पाइपाला लटकत ठेवू नये. तारेने वर बांधावा.
- ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नयेत आणि डबीत इंजिन ऑइल कधीच टाकू नये. त्याने ब्रेकमधले रबर फुगते.
- काम झाल्यावर हवा पूर्ण काढून, झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे ताजे ऑइल भरावे. बाहेर काढलेले ऑइल परत वापरू नये.
- आधी उभ्या गाडीत पेडल जोरात दाबून धरावे, जोड कोरडे आहेत का पाहावे, मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून खात्री करावी.

हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पण वरच्या गोष्टी विचारणे हा मालकाचा हक्क आहे. चांगला मेकॅनिक त्याचा राग मानत नाही.

नवा पाइपही वाचवणार नाही, जर…

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे आणि इंजिन बंद करणारे आजही आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडथळा जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखे होते. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो. जुन्या ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते, त्यामुळे ते लवकर उकळते. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे.

घाट रुंद व्हावेत, कठडे मजबूत व्हावेत, ही मागणी योग्यच आहे आणि ती लावून धरायला हवी. पण रस्ता रुंद व्हायला वर्षे लागतात. पाइप बदलायला एक दुपार पुरते. पुढच्या वेळी सहकुटुंब परळीला किंवा कपिलधारला निघण्याआधी टायरमधली हवा पाहताना पुढचे चाक पूर्ण वळवावे आणि मोबाइलचा टॉर्च आत धरावा. चिरा दिसल्या, तर आधी गॅरेज, मग दर्शन.