पहिले चार मीटर

मंडळी, मी मराठी माध्यमाचा बी.ए., काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीत पुतण्या गडचांदूरला आला होता. चहा पिताना ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'लेहिपा' या प्रोटॉन त्वरकाचा विषय निघाला. सगळे विचारतात, शेवटी ऊर्जा किती? तर 2 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण माझ्या मते खरी करामत पहिल्या चार मीटरांत, आरएफक्यूमध्ये आहे. तिथे 50 हजारांचे 30 लाख होतात. प्रोटॉन हळू असतात तेव्हाच एकमेकांना ढकलून झोत विस्कटतात. म्हणून तांब्याच्या चार पात्यांच्या कडा नागमोडी कापायच्या. एकच विद्युतक्षेत्र झोत आवळतं, पुंजके करतं आणि वेगही देतं. सुरुवातीला नागमोड उथळ, पुढे खोल. म्हणजे आधी पुंजके, मग वेग! ही युक्ती 1970च्या सुमारास कापचिन्स्की आणि तेप्लियाकोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांची.

मला आमची पाचवी आठवली. मुख्याध्यापक असताना मी अनुभवी शिक्षक दहावीला द्यायचो, पाचवीला उरेल तो...

"काका, मी पाचवीत होतो तेव्हासुद्धा?" पुतण्याने हसत विचारलं.

मी चहा गार झाल्याची तक्रार केली.