जंगल नसलेल्या जिल्ह्यातील रानडुकरे

विज्ञानकथांमधला एक साचा वाचकांच्या ओळखीचा आहे. अणुस्फोट होतो, किरणोत्सर्ग पसरतो आणि एखादे अजस्र श्वापद माणसाच्या वस्तीवर चालून येते. असे श्वापद प्रत्यक्षात कधी निपजले नाही. किरणोत्सारी रानडुकरे मात्र खरोखर आहेत. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर जर्मनीतील बव्हेरियाच्या जंगलात हरणांच्या मांसातील किरणोत्सार कालांतराने घटला, डुकरांच्या मांसातला फारसा घटला नाही. यामागे जमिनीखालची एक बुरशी आहे. डुकरे ती उकरून खातात आणि मातीत सावकाश झिरपणारे सीझियम त्या बुरशीत साठत जाते. यात जुन्या अणुचाचण्यांचाही मोठा वाटा असल्याचे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवले. जपानमध्ये २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर ओस पडलेल्या गावांत रानडुकरे भरदिवसा फिरू लागली.

या दोन्ही ठिकाणी प्राणी तोच राहिला, माणसाने त्याचा भोवताल बदलला. परभणीत वेगळे काही घडलेले नाही. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. तरीही सोयाबीन, भुईमूग, हरभरा आणि ज्वारीच्या रानात डुकरांचे कळप शिरतात. वर्षभर उभा राहणारा ऊस आणि नदी-ओढ्याकाठची वेडी बाभूळ हेच त्यांचे जंगल. लपायला जागा आहे, खायला पीक आहे, प्यायला कालव्याचे पाणी आहे आणि मागे लागणारा वाघ-बिबट्या जवळपास नाही. मादीचा गर्भकाळ जेमतेम चार महिन्यांचा. एका वेताला चार ते सहा पिल्ले सहज होतात. मग संख्या वाढली तर नवल काय?

हाताशी आलेले पीक एका रात्रीत लोळवले जाते, तेव्हा शेतकऱ्याचा संताप समजण्याजोगा आहे. मात्र त्यावर शोधलेला एक उपाय डुकरापेक्षा घातक आहे, तो म्हणजे बांधावरच्या तारेत थेट वीज सोडणे. घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि ती अखंड वाहते. तिच्या धक्क्याने स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडून काही क्षणांत मृत्यू ओढवतो. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते. म्हणजे अंधारात मोटार सुरू करायला निघालेला शेजारी, गडी किंवा घरचाच माणूस त्या तारेवर पडू शकतो. हा गुन्हा तर आहेच. पण गुन्हा नसता तरी एक पोते सोयाबीन माणसाच्या जिवाइतके महाग नाही.

सौर झटका कुंपण दिसायला तसेच, पण त्याचे काम वेगळे. त्यातील यंत्र हजारो व्होल्टचा, पण सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता झटका साधारण दर सेकंदाला देते. दोन झटक्यांमधल्या वेळात तार सोडता येते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र प्रमाणित यंत्रच घ्यावे आणि तारेखालचे गवत काढत राहावे.

तरीही एकट्याच्या कुंपणाने डुकरे शेजाऱ्याच्या रानात जातात, एवढेच. म्हणून उसाचे फड आणि ओढ्याकाठ धरून गावाने मिळून कुंपण घालायला हवे. सरकारनेही अनुदान देताना गावाजवळ जंगल आहे का, हे विचारण्यापेक्षा नुकसान किती झाले, हे पाहावे. अन्यथा परभणीसारखा जिल्हा नेहमीच रांगेत मागे राहील. परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. कळप कुठे लपतात आणि कोणत्या पिकावर कधी येतात, याची गाववार नोंद त्याच्या मदतीने होऊ शकते. शेतीला दिवसा वीज मिळाली, तर रात्रीच्या अंधारातील फेऱ्याही कमी होतील.

डुकराने सुळा मारला वा चावा घेतला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक रुग्णालय गाठावे. हळद, चुना लावू नये. धनुर्वाताबरोबरच रेबीजच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. भरपाईसाठी वन विभागाला लगेच कळवावे.

विज्ञानकथेत शेवटी एखादे शस्त्र श्वापदाचा निकाल लावते. परभणीच्या शिवारात तसे शस्त्र नाही, आणि थेट विजेची तार तर नाहीच. ती आजच उतरवली पाहिजे.